बॅटरीवर चालणारा पायाळू

गेल्या महिन्यात एका मित्राच्या स्वयंपाकघरात उभा होतो. वहिनींनी आमटीसाठी चिंच भिजत घातली होती. त्यातलाच एक गोळा उचलून, वर मीठ भुरभुरवून हा पठ्ठ्या ओट्याशी काहीतरी घासत बसला होता. बोटांतून काळसर हिरवं पाणी सिंकमध्ये उतरत होतं. पाच-सात मिनिटांनी त्याने हात धुतले आणि तळहात माझ्यापुढे धरला. नव्या तांब्यासारखी लालभडक शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. कडेची ठिपक्यांची माळ एका अंगाने साफ गुळगुळीत झालेली, आणि 'शिव'मधला 'व' आता कशाचाही असू शकला असता.

"साडेतीनशे वर्षांनी सूर्य पाहिला बघ हिने!" तो म्हणाला.

ती शिवराई साडेतीनशे वर्षांची आहे हे त्याला कोणी सांगितलं? महाराजांच्या नावाचा हा पैसा त्यांच्यानंतरही शतकाहून जास्त काळ पडत होता. पेशवाईत पडत होता, आणि कंपनी सरकार आल्यावरही बाजारात फिरत होता. कुठली शिवराई कधीची, हे अक्षरांच्या वळणावरून, वजनावरून, ठिपक्यांवरून ठरवायचं असतं. ते सगळं नुकतंच चिंचेच्या कोळासोबत मोरीत गेलं होतं.

हे नाणं त्याला एका जुन्या घाटवाटेवर मिळालं होतं. कुठल्या, ते सांगत नाही. सांगितलं तर येत्या रविवारी तिथे आणखी चार जण डिटेक्टर घेऊन उभे राहतील. ऑनलाइन मागवलेलं यंत्र, कानाला हेडफोन, पाठीवर घडीचं फावडं, हातात गॅझेटियरची पानं आणि जुना नकाशा. आमच्या ट्रेकर मंडळींत ही नवी जमात तयार झाली आहे. तिचं म्हणणं मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ आहे. ते असं:

मोडून पडलेल्या वाटांवर आता कोणी जात नाही. तिथल्या मातीत पडलेली नाणी सडून चालली आहेत. सरकारला पत्ता नाही, पुरातत्त्व खात्याकडे माणसं नाहीत. आम्ही पदरचा पैसा आणि सुट्टीचा दिवस खर्चून इतिहास वाचवतो. उकरतो तरी किती, वरची वीतभर माती! पुन्हा बुजवतोही. इंग्लंडात हेच केलं की सरकार बक्षीस देतं, इथे मात्र तुम्ही विद्वान लोक आम्हाला चोर ठरवता. रस्त्यावर पडलेला पैसा उचलणं हा कधीपासून गुन्हा झाला?

ऐकायला झकास आहे. एकेक कलम घेऊ.

नाणी सडतात म्हणे. सोनं सडत नाही, हे तर सासरी निघालेल्या मुलीच्या आईलाही माहीत असतं. चांदी काळवंडते. तांब्यावर हिरवट-काळा थर चढतो आणि तोच थर पुढे आतल्या धातूचं चिलखत होतो. मातीतलं ओलसरपण, क्षार आणि धातू यांची काही वर्षांत एकमेकांशी तडजोड होते, आणि मग नाणं शतकानुशतकं तसंच पडून राहतं. ती तडजोड मोडते तुम्ही फावडं घातल्यावर. नाणं एकदम हवेत येतं. आत क्षार दडलेले असले आणि हवा दमट असली की फिकट हिरवी भुकटी धरते आणि नाणं आतून पोखरत जातं. बाकीचं चिंच, लिंबू आणि भांडी घासायची पावडर करतात. दोनशे वर्षांत मातीने केलं नसेल एवढं नुकसान माझ्या मित्राने आमटीला फोडणी बसायच्या आत केलं. आणि वाचवणारा तो!

पण नाणं घासलं, झिजलं हे एक वेळ सोडून देऊ. खरा मुद्दा त्याच्या पुढचा आहे, आणि तो या मंडळींच्या कानात हेडफोनमुळे शिरत नाही. मातीतल्या नाण्याची निम्मी गोष्ट नाण्यावर असते, निम्मी त्याच्या जागेत. वाटेवरच्या एकट्या-दुकट्या नाण्याच्या बाबतीत तर पंधरा आणे गोष्ट जागेतच असते.

नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. १३,०००हून जास्त नाणी. त्यांतल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचा पैसा गोळा करून त्याच्या तोंडावर आपली खूण ठोकायची! नहपानाच्या क्षहरात घराण्याचा निःपात केल्याची जी बढाई नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने कोरून घेतली, तिला इतका रोकडा पुरावा दुसरा नाही. आणि तो पुरावा कशात आहे? एकेका नाण्यात नाही, ती सगळी एका जागी, एकत्र होती यात आहे. छाप मारलेली किती, न मारलेली किती, या हिशेबात आहे. साठा तपासणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांना तो एकगठ्ठा पाहता आला म्हणून नहपानाचे चेहरे किती वेगवेगळे कोरलेत हेही त्यांना टिपता आलं. तोच साठा आज एखाद्या डिटेक्टरवाल्याला मिळाला असता तर? चांगली शंभर-दोनशे नाणी संग्राहकांकडे, काही वितळवायला, उरलेली मित्रांच्या वाढदिवसाला. हाती काय उरलं असतं? 'क्षत्रप, चांदी, बऱ्यापैकी स्थितीत' असं लिहिलेलं प्लॅस्टिकचं पाकीट.

आता म्हणाल, साठा वेगळा, आम्हाला तर एखाददुसरं नाणं मिळतं. तिथेच तर तुमचा दावा जास्त पोकळ ठरतो. साठा लुटला तरी नाणी एकमेकांबद्दल काहीतरी बोलतात. एकटं नाणं कोणाबद्दल बोलणार? तसल्या शिवराया बाजारात पोत्याने आहेत. त्या नाण्याकडे जगाला सांगण्यासारखी एकच गोष्ट होती: 'मी इथे पडलो.' खिंडीच्या वर की खाली, पाण्याच्या टाक्यापाशी की जकातीच्या चौकीच्या जोत्यात, वाघजाईच्या पुढ्यात की नुसतंच वळणावर. घाट चढण्याआधी वाघजाईपुढे पैसा ठेवायची रीत होती. तिथे पाच राजवटींची नाणी एकाखाली एक मिळाली तर ती वाट किती काळ नांदती होती ते कळतं. एका विशिष्ट काळानंतरचं एकही मिळालं नाही, तर ती वाट कधी मोडली ते कळतं. बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला, पुढे रेल्वे आली, आणि आसपासच्या कितीतरी बैलवाटा ओस पडत गेल्या. त्यांतली कुठली आधी ओस पडली, कुठली रडतखडत चालू राहिली, हे कागदावर फारसं कोणी मांडून ठेवलेलं नाही. असेल तर त्या वाटांच्या मातीतच. आणि तुम्ही तिथे जाऊन नेमकं तेच पान फाडता, वर सांगता की पुस्तक वाचवलं.

नाणेघाटात जाऊन या. जातच असाल म्हणा, तिथला जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण तुमच्या प्रत्येक व्हिडिओत असतो. तो पाहून झाला की जरा शेजारच्या लेण्यात शिरा. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्या नाहीत. पण वर कोरलेली नावं आहेत: सिमुक, नागनिका, सातकर्णी, कुमार. त्यामुळे कोण कुठे उभं होतं, कोणाच्या शेजारी होतं, हे दोन हजार वर्षांनीही बोट दाखवून सांगता येतं. तिथे वस्तू गेली, जागा राहिली, आणि इतिहास टिकला. तुमच्या शोकेसमध्ये वस्तू आहे. जागा कुठे आहे?

'वरची वीतभर माती' हा युक्तिवाद तर उसना आणलेला आहे. तो इंग्लंडच्या नांगरटीच्या शेतातला. तिथे शेकडो वर्षं नांगर फिरून वरची माती उलटीपालटी झालेली असते. त्यातलं नाणं मूळ जागेवरून आधीच हललेलं असतं, म्हणून ते उचलल्याने फारसं बिघडत नाही, असं तिथे म्हणतात. सह्याद्रीतल्या मोडक्या घाटवाटेवर कोणी नांगर फिरवला? मुळात तिथे माती आहेच वीतभर. खाली कातळ. दोन हजार वर्षांचं सगळं येणं-जाणं त्या वीतभरातच एकावर एक बसलेलं आहे. या वाटांवर कोणाचा हात पडलेला नाही म्हणूनच तुम्ही त्या शोधून काढता, आणि हात टाकायचा नाही तो याच कारणासाठी. पावसाळ्यात पाणी दरवर्षी थोडी माती ओढून नेतं, हे खरं. एवढं मी मान्य करतो. पण ओढ्याने घराची एक भिंत नेली म्हणून उरलेल्या तीन आपण जाऊन पाडत नाही.

शिवाय हे यंत्र ऐकतं तरी काय? मी एकदा ते फिरवून पाहिलंय. खोटं कशाला बोलू, कानात तो 'टुंई' वाजला की पोटात गलबलतं. आपल्या काळ्या दगडात लोहखनिज भरपूर, त्यामुळे यंत्र सारखं कुरकुरत असतं. वर बाटल्यांची बुचं, बिअरचे कॅन. म्हणून ही मंडळी पहिलं काम काय करतात, तर यंत्राला लोखंडाकडे दुर्लक्ष करायला सांगतात. खिळा नको, पत्री नको, नाल नको. तांबं-चांदी तेवढी कळव. आता मला सांगा, घाटवाटेचा इतिहास कशात असतो? राजे त्या वाटेने वर्षातून एखादे वेळी गेले असतील. रोज गेले ते बैल. मीठ, भात, नारळ, कापड लादलेले लमाणांचे तांडे. खडकावर बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून खुरांना पत्र्या ठोकायच्या, त्या चढावर निसटायच्या. कुठल्या वळणावर त्या जास्त मिळतात, यावरून चढ कुठे अंगावर येत होता, नालबंद कुठे बसत असेल, ते सांगता येईल. मित्राच्या यंत्राने हे सगळं 'कचरा' म्हणून गाळून टाकलं. दोन-चार गंजक्या पत्र्या चुकून वर आल्या, त्या त्याने दरीत भिरकावल्या. माझ्यादेखत. आणि याचं नाव वाटेच्या इतिहासाची आवड!

आता इंग्लंड. ज्याला त्याला इंग्लंड. तिथे १९९६चा ट्रेझर ॲक्ट आहे, १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी सरकारी योजना आहे, तिच्यात १५ लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. सगळं खरं. पण या नोंदीत वस्तूइतकंच महत्त्व ती कुठे मिळाली याला असतं, हे सांगताना तुमचा आवाज का बसतो? तिथे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि संरक्षित स्थळी परवान्याशिवाय यंत्र वापरलं तरी गुन्हा होतो, हे कोण सांगणार? १९९२ साली सफोक परगण्यात होक्सन इथे एक गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते. सोन्या-चांदीची रोमन नाणी लागली. थोडं हाती येताच ते थांबले, कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी येऊन बाकीचा साठा काढला. सुमारे १५,००० नाणी. पेटी कशी होती, आत छोट्या पेट्या कशा रचल्या होत्या, तेही कळलं ते त्या थांबण्यामुळे. तो हातोडासुद्धा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थांबणाऱ्याच्या हातोड्यालाही मान मिळतो.

न थांबणाऱ्यांचं काय होतं, तेही त्याच देशात पाहायला मिळतं. २०१५ साली हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला साठा लागला. त्यांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढला. सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज. परत मिळाली ती तिसेक. जी मिळाली त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ असे दोन राजे शेजारीशेजारी बसलेले. मर्सियाच्या ज्या राजाला नंतरच्या बखरकारांनी बाहुलं म्हणून निकालात काढलं होतं, तो आल्फ्रेडच्या बरोबरीने नाण्यावर! उरलेल्या अडीचशेंवर काय होतं, कोण जाणे. २०१९ मध्ये कोर्टाने त्यांना १० आणि साडेआठ वर्षांची सजा सुनावली. अपिलात ती बरीच घटली. इंग्लंडचा दाखला द्यायचा तर पुरता द्या. आणि समुद्र ओलांडून शेजारच्या आयर्लंडात परवानगीशिवाय डिटेक्टरने पुरावस्तू शोधणं हाच गुन्हा आहे, तोही सोबत द्या.

आपल्याकडचा कायदा? १८७८चा. जमिनीत दडलेलं, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर काय सापडलं, कुठे, कधी, हे कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, शिवाय सापडलेल्या मालातला हिस्साही जातो. वाटेत पडलेलं नाणं 'दडलेलं' म्हणायचं का, यावर वकील मंडळी दोन तारखा आनंदाने काढतील, पण खड्डा खणतानाचा स्वतःचा व्हिडिओ स्वतःच जगाला दाखवणारे आरोपी त्यांनाही नवीन असतील. वाट राखीव जंगलातून जात असेल तर वनखात्याचा कायदा वेगळाच.

हो, हा कायदा जुनाट आहे. त्यात खोडही आहे. सरकारने ठेवा ताब्यात घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा, एवढंच द्यायचं. म्हणजे दुर्मीळ शिवराई आणि फुटका तांब्या एकाच काट्यावर. अशाने माणूस कळवेल कशाला, लपवेलच. कलेक्टर कचेरीत नाणी घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला चोरासारखं बसवून ठेवल्याच्या गोष्टी मीही ऐकल्या आहेत. पण मग कायदा बदला म्हणून ओरडा की! नोंदणीची योजना मागा, तालुक्याला एक जाणकार माणूस मागा, मी पहिली सही करतो. सरकार नालायक आहे हे वाक्य तुमच्या तोंडी फक्त फावडं काढताना का येतं? ग्रामपंचायतीची दिवाबत्ती बंद असली म्हणून कोणी खांबावरची तार कापून नेत नाही. म्हणजे नेतात, पण स्वतःला वीजसेवक म्हणवून घेत नाहीत.

'विद्वानांची मक्तेदारी' हा शेवटचा हुकमी एक्का. सामान्य माणसाला नाणं मिळालं की तुम्हाला पोटशूळ उठतो, म्हणे. सामान्य माणूस कोण? नांगराच्या फाळाला नाणं लागतं तो शेतकरी ते शोधायला गेलेला नसतो. महागडं यंत्र घेऊन, मोटारीने दोनशे किलोमीटर येऊन, दुसऱ्याच्या डोंगरात खणणाऱ्याने त्याच्या धोतराआड लपू नये. त्या ओस वाटेच्या पायथ्याला एक ठाकरवाडी आहे. तिथल्या एका आजीकडे आम्ही दरवेळी पाणी प्यायला थांबतो. मागच्या खेपेला तिने हंडा पुढे केला आणि म्हणाली, "वरती खड्डं तुमी लोकांनी पाडायचं, आन फारेष्टवाला इच्यारतोय आमच्या पोरांना." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मित्र बुटाची नाडी बांधत बसला.

ही हौस निरुपद्रवी असते, असंही सांगतात. मार्च २०२५ मध्ये असीरगडाच्या पायथ्याशी काय झालं ते आठवा. 'छावा' पाहून लोक थिएटरबाहेर पडले होते. मराठ्यांनी १६८१ मध्ये शेजारचं बुऱ्हाणपूर लुटलं ही कथा ताजी होती. शेतात मोगली मोहरा मिळतात अशी हूल उठली आणि माणसं रात्री-अपरात्री मोबाइलचे टॉर्च, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन दुसऱ्याच्या रानात उतरली. शेतांची चाळण झाली. दख्खनच्या दारातली ती माती. तिच्यात काय होतं आणि काय गेलं, आता कोण सांगणार? त्या लोकांना आपण अडाणी म्हणून हसलो. त्यांच्यात आणि माझ्या मित्रात फरक कोणता? मित्राच्या पाठीवरची पिशवी परदेशी कंपनीची आहे, एवढाच.

आमच्या आजोळी गुप्तधनाच्या गोष्टी निघायच्या. पायाने जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणत, आणि मग अमावास्येला असा एखादा पायाळू गाठून, लिंबू-नारळ घेऊन लोक देवळामागे खणायला जात. त्यांना आपण अंधश्रद्ध म्हटलं. आता पायाळू बॅटरीवर चालतो आणि लिंबू नाणं घासायला लागतं. बाकी सगळं तेच. मात्र त्या लोकांचा एक गुण मला आज मोठा वाटतो. आपण धनासाठी खणतोय हे ते कबूल करायचे. इतिहास वाचवतोय असं त्यांच्यातला एकही कधी म्हणाला नाही.

तेव्हा खणायचं असेल तर खणा, पकडले गेलात तर भरा. पण 'वाचवलं' हे क्रियापद आमच्या भाषेत जागेवर ठेवा. वाचवणं म्हणजे उघड्यावर दिसलेल्या नाण्याचा आहे तिथे फोटो काढणं, जागा नोंदवणं, हात न लावता खाली उतरून कळवणं. त्यात 'टुंई' वाजत नाही, मला माहीत आहे.

हे लिहायला बसण्याआधी मी मित्राला फोन केला. म्हटलं, ती शिवराई नेमकी कुठे मिळाली होती रे? तो बराच वेळ थांबला. "अरे, ते आपलं टाकं आहे ना, त्याच्या वर... की ती दुसरी? थांब, खिंडीच्या अलीकडे वडाचं झाड होतं... नाही, ते पुढच्या रविवारचं." मग म्हणाला, "पण तुला कशाला हवंय? नाणं आहे की माझ्याकडे."